शिगेचं माप

मी एम.सी.ए. आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण ते नव्हते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून उठून ते रेडिओ दुरुस्त करायला बसले. रेडिओ संपले तेव्हा टीव्हीकडे वळले आणि टीव्ही बिघडायचे कमी झाले तेव्हा कॉम्प्युटर उघडायला लागले. उघडता उघडता शिकले, आणि शिकता शिकता शिकवायला लागले. निपाणीच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी तीन वर्षं नोकरी केली, तिथे भिंतीवर माझ्या पदवीची फ्रेम लावलेली होती. मालकांनीच लावली होती, पालकांना दाखवायला. पालक ती बघायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, "आप्पांची बॅच कितीला असती?"

आप्पा म्हणजे ते. क्लासमध्ये, बाजारात, बसस्टँडवर सगळीकडे आप्पाच. मला त्यांचा मत्सर वाटायचा. आदर, कौतुक असले शब्द पुढे कुठे माझ्या हातून लिहिले गेले, तर ते या एका शब्दाच्या हिशेबानेच घ्यावेत.

क्लास होता एका तंबाखूच्या वखारीवर, पहिल्या मजल्यावर. खाली माल हलवायला लागले की वर शिंकांची माळ लागायची. मी येळ्ळूरची. सकाळी येळ्ळूरहून बेळगाव, बेळगावहून निपाणी, आणि संध्याकाळी तेच उलट. जाऊन-येऊन चार-साडेचार तास बसमध्ये जायचे. जिना चढून वर येईपर्यंत मी अर्धी संपलेली असायचे आणि पहिलं वाक्य बोलायच्या आत दोनदा शिंकायचे. आप्पा कधी शिंकले नाहीत. त्यांच्या घरचीच वखार होती, लहानपण तंबाखूच्या पोत्यांवर झोपून गेलेलं.

उंच माणूस, मानेत थोडा वाकलेला. पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी रॅमच्या दोन-तीन जुन्या पट्ट्या. बोलता बोलता त्यातली एक काढायचे आणि तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर घासत बसायचे. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून कुणी रडत आलं की तीच पट्टी घासून परत बसवायचे आणि दहातली सात मशीनं चालू व्हायची. "मेलं न्हाय त्ये, बाई," ते मला म्हणायचे, "दात किडल्यात नुसतं." मला हार्डवेअरच्या पेपरात पंच्याऐंशी मार्क होते. त्या अख्ख्या पुस्तकात खोडरबरचा उल्लेख नव्हता.

जैन घरातले, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. हिवाळ्यात साडेपाचलाच कोपऱ्यात डबा उघडायचा आणि पोरं त्या डब्याभोवती कोंडाळं करून शंका विचारायची. चपातीचा घास हातात धरून ते उत्तर द्यायचे, घास तसाच राहायचा, आणि शेवटी खिडकीकडे बघून घाईघाईने तोंडात कोंबायचे. माझ्याकडे शंका विचारायला कुणी यायचं नाही. मी तासाच्या शेवटी "कुणाला काही शंका?" असं विचारायचे ना, म्हणून.

मेमरी आणि स्टोरेज यांतला फरक मी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवायचे. तात्पुरती आणि कायमची, वेगवान आणि संथ. आप्पा जिन्यावरून पोरांना खाली घेऊन जायचे. "ह्यो कट्टा. ह्येच्यावर माल पसरायचा, निवडायचा, हाताळायचा. ही रॅम. आणि आत ती वखार, ती डिस्क. काम झालं की माल आत टाकायचा. कट्ट्यावरच ठेवून घरला गेलं तर? तिळीतेनू?" 'कळलं का' हे ते नेहमी कन्नडमध्येच विचारायचे. अर्धी पोरं चिकोडीकडची कन्नड, अर्धी मराठी, आणि मान मात्र सगळी हलवायची.

एकदा तर त्यांनी कहरच केला. पोरं अर्धा तास खपून एक अर्ज टाइप करत होती. आप्पा गुपचूप उठले आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे पडदे काळे. पोरींनी किंकाळ्या फोडल्या. वीज परत आल्यावर एकजण बिचारा सगळे फोल्डर उघडून आपला अर्ज शोधायला लागला. "आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येईल रं?" आप्पा म्हणाले. "सेव्ह केलतंस का? न्हाय. मग कट्टा साफ." मी 'काम सेव्ह करा' हे पाटीवर लाल खडूने लिहून ठेवलं होतं, आणि माझ्या बॅचमध्ये दर आठवड्याला कुणाचं तरी काम उडायचंच. त्यांच्या बॅचमध्ये त्या दिवसानंतर एकाचंही उडालं नाही. मी मालकांकडे तक्रार केली की मुख्य स्विच असा बंद केल्याने मशीनं खराब होतात. तक्रार खरी होती. कारण खरं नव्हतं.

माणसांनाही ते याच मापाने मोजायचे. बोलघेवड्या माणसाला म्हणायचे, "कट्टा मोठा, वखार रिकामी." क्लाउडला म्हणायचे, "दुसऱ्याची वखार." 'अनलिमिटेड' या शब्दाची त्यांना चीड होती. मोबाइलच्या दुकानात एका विक्रेत्याला त्यांनी पंधरा मिनिटं धरून ठेवलं होतं, "बिनतळाचं माप तू बघितलंयस का कवा? मग मला कशापायी विकालास?" आणि माझ्याबद्दल मालकांना एकदा म्हणाले, "बाईंची डिस्क लई मोठी हाय, वो. रॅम तेवढी बारीक." मी प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे होते. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते समजलंही नसावं. आणि जास्त लागलं ते एवढ्यासाठी की ते खरं होतं. तीन पोरांनी एकदम तीन प्रश्न विचारले की मी अडकायचे. उत्तरं तिन्ही आत असायची, बाहेर मात्र एकही यायचं नाही.

त्यांच्याकडे एक लाकडी फळी होती, घरी बनवलेली. आठ बटणं आणि आठ छोटे दिवे. "एक बटन म्हंजे एक बिट. हाय किंवा न्हाय. मधलं काय न्हाय. आठ बटनं म्हंजे एक बाइट, आणि एका बाइटात इंग्रजीचं एक अक्षर." दुसरा आणि शेवटचा दिवा लावला की कॅपिटल 'ए'. पोरं स्वतःचं नाव दिव्यांत लिहायला रांग लावायची.

एका उन्हाळ्यात क्लासच्या दारावर नवी पाटी लावायची होती. वर मराठी की वर कन्नड, यावरून दोन पोरांची हमरीतुमरी सुरू झाली. आमच्या सीमाभागात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नसते. येळ्ळूरला तर मी या एका प्रश्नावर जेवणं राहिलेली पाहिली आहेत. मी मालकांना बोलवायला निघाले. आप्पांनी फळी पुढे ओढली. "इंग्रजीच्या एका अक्षराला एक फळी. मराठीच्या 'क'ला किती? ह्या घ्या." त्यांनी दिवे लावले, विझवले, पुन्हा वेगळे लावले, पुन्हा. "तीन. मशीनला आपला 'क' तीन फळ्यांचा. आता कन्नडच्या 'क'ला किती असतील?"

"चार!" कन्नड पोरगा छाती काढून म्हणाला.

"तीन," आप्पांनी परत दिवे लावून दाखवले. "दोघं बी सारखीच जड. आता वर कोण, त्ये तुम्ही ठरवा. माझा डबा राह्यलाय." दोघं एकमेकांकडे बघून हसली. पाटी शेवटी आडवी झाली, दोन्ही भाषा शेजारी शेजारी.

हे मला माहीत नव्हतं का? यूनिकोड कसं साठवतात यावर मी परीक्षेत अडीच पानं लिहिली होती. पण निपाणीत दोन पोरं भांडताना ती अडीच पानं माझ्या पोटातच राहिली.

मापांची गोष्ट मात्र माझ्याच तासाला घडली. माझ्या बॅचमधल्या एका मुलीच्या वडिलांनी पाचशे जीबीची हार्ड डिस्क घेतली होती. घरी लावली तर कॉम्प्युटर चारशे पासष्ट दाखवतो. वडील दुकानदाराशी भांडून आले होते, आता पोरीला विचारायला पाठवलं होतं. मी खूश झाले. हा माझा प्रांत. मी सांगितलं की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. मग फळ्यावर भागाकार मांडले, तीन ओळी, नऊ-नऊ शून्यं. वर्ग जांभया द्यायला लागला. मुलगी उभीच होती. "म्हंजे चोरी झालीय का न्हाय, मॅडम?" मी भागाकार पुसून पहिल्यापासून मांडायला लागले.

पार्टिशनच्या दारात आप्पा. "बाई, जरा मधी येऊ का?"

नको म्हणायचं होतं. म्हटलं, "या ना."

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. त्यांनी टेबलावर एकेक माप मांडलं. चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. जुनी, धान्य मोजायची, काळी पडलेली. "दोन चिपट्याचं एक मापटं. दोन मापट्याचा शेर. दोन शेराची अडशिरी. दोन अडशिऱ्याची पायली. आपला आज्जा दुपटीनं मोजत हुता, आणि मशीनबी दुपटीनं मोजतंय. दोन, चार, आठ, सोळा करत चला. हजारावर थांबतंय का? न्हाय. एक हजार चोवीसवर थांबतंय." मग त्यांनी चिपटं ज्वारीने भरलं आणि वरून पट्टी फिरवली. "ह्यो हजार. सपाट. रेघ मारल्यालं माप." पुन्हा भरलं, आणि या वेळी वर दाण्यांचा निमुळता ढीग उभा राहू दिला. "ही शीग. ह्यो एक हजार चोवीस. कंपनीनं सपाट मोजून पाचशे दिलं. तुझं मशीन त्येच दाणं शीग लावून मोजतंय, म्हून चारशे पासष्ट भरलं. दाणा एक गेला न्हाय. जा, आबाला सांग, दुकानदाराची माफी माग म्हणावं."

मग त्यांनी घमेल्यात सपाट दहा चिपटी मोजून टाकली आणि तीच ज्वारी शिगेने परत मोजून दाखवली. नऊ झाली, वर मूठभर. पोरांनी स्वतः मोजली. "आणि किलोला शीग बारकी, मेगाला जरा मोठी, गिगाला आणखी. पायरी चढल तशी शीग वाढती," असं जाता जाता सांगून गेले. हेही अगदी बरोबर होतं.

"आत्ता कळलं, आप्पा!" ती मुलगी म्हणाली. माझी विद्यार्थिनी होती ती.

मला त्या दिवशी जे झालं त्याला पोटात दुखणं म्हणतात, आणि ते अक्षरशः पोटात दुखतं. कारण ही मापं आमच्याही घरी होती. आमची आई पायलीत कांदे ठेवायची. वीस वर्षं मी त्या मापांसमोर बसून अभ्यास केला होता, त्या दुपटीसमोर बसून दुपटी पाठ केल्या होत्या. घरी मी 'गेलते, आलते' म्हणणारी, आणि बेळगावला शिकायला गेल्यावर पहिल्या वर्षातच ते सगळं जिभेवरून घासून काढलं, चांगली शिक्षिका व्हायचं म्हणून. आणि हा माणूस तेच घेऊन उभा राहिला आणि माझ्यापेक्षा चांगला शिक्षक झाला. एखाद्या मोठ्या विद्वानाचा मत्सर मला सहन झाला असता. आपल्याच घरातलं दुसऱ्याने उचलून दाखवलं की ते सहन होत नाही.

पुढच्या वर्षी बेळगावला, कॅम्पाजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिक्षकाची कायम जागा निघाली. पदवी किंवा अनुभव, काहीही चालणार होतं. मुलाखत नाही, निवड समितीपुढे एक तास शिकवून दाखवायचा. विषय दिलेला होता, मेमरी आणि साठवणुकीची एककं. मी अर्ज केला. आप्पांनीही केला.

त्यांनीच मला येऊन सांगितलं. "तीस मशीनं हायत म्हणं, बाई, त्यांच्या ल्याबमधी. सगळी चालू." आमच्याकडे सहा होती, त्यातली चार चालायची. तीस हा आकडा त्यांनी त्या आठवड्यात मला चारदा सांगितला. एका मशीनला एक पोर बसवता येईल म्हणाले, आतापर्यंत असं कधीच बसवता आलं नाही म्हणाले.

मला ती जागा का हवी होती? येळ्ळूरहून अर्ध्या तासावर, कायमची नोकरी, आईचे गुडघे. ही सगळी कारणं खरी आहेत. पण सर्वांत वरचं कारण हे, की आप्पा जिथे नाहीत अशी एक शाळा मला हवी होती. निपाणीतच राहिले असते, तर पुढची वीस वर्षं मी पार्टिशनपलीकडून त्यांच्या वर्गातलं हसणं ऐकत काढली असती.

आदल्या दिवशी मी पायलीतले कांदे बाहेर काढले आणि मापं घासायला घेतली. आई बघत होती. "परीक्षेला चाललीयास का बाजाराला गं?"

"शिकवायलाच."

"माप धरायला कवा शिकलीस तू?" आई म्हणाली. मी पायली घासत राहिले.

यादीत माझं नाव पहिलं होतं. समितीत तिघं. कॉलेजचे प्राचार्य, संस्थेचे सचिव, जे वकील होते, आणि विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई. मी टेबलावर मापं मांडली आणि आप्पांचा धडा सुरू केला. नुसता धडा नाही, त्यांची वाक्यंसुद्धा. 'आपला आज्जा दुपटीनं मोजत हुता' हेही तशाच भाषेत म्हणाले. तिघंही खुर्चीत पुढे सरकले. बाजूच्या उघड्या खिडकीतून व्हरांडा दिसत होता. तिथे एक पांढरा हाफ शर्ट उभा होता आणि त्याच्या हातात कापडी पिशवी होती.

मी थांबले नाही. सपाट दहा चिपटी मोजून घमेल्यात टाकली. मग शीग लावून मोजायला लागले. सात झाली, आठ झाली, नऊ झाली. घमेल्यात बघते तर अजून भरपूर ज्वारी. दहावं चिपटं भरलं, वर शीगसुद्धा नीट उभी राहिली आणि घमेलं स्वच्छ झालं. दहाची दहा. काय चुकलं तेच कळेना. मी ते चिपटं पटकन घमेल्यात उपडं केलं, ज्वारी तळव्याने कालवली आणि हसून म्हणाले, "नऊ, आणि वर थोडे. बघितलंत?"

त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. वकील "व्वा!" म्हणाले. प्राचार्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग आप्पांना आत बोलावलं. मी दाराबाहेरच उभी होते, दार उघडं होतं. त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. ती त्यांनी उघडलीच नाही.

"करा सुरू," प्राचार्य म्हणाले.

"आत्ता या बाईंनी सांगितलं, त्येच मी सांगणार हुतो," आप्पा म्हणाले. "त्येच बरोबर हाय."

"दुसरं काही तयार केलं नाही का?"

"ह्या इषयाला ह्येच बरोबर हाय."

"अहो, जरा तयारी करून यायचं असतं," वकील म्हणाले आणि हसले. आप्पांनी पिशवी उचलली, नमस्कार केला आणि बाहेर आले. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी आत जाऊन एक वाक्य बोलू शकले असते. दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं. मी बोलले नाही. मनात आलं ते एवढंच, की जागा मिळाली.

त्यांच्याकडे ती आठ बटणांची फळी होती, कट्टा-वखार होती, शंभर गोष्टी होत्या. त्यांतलं काहीही करता आलं असतं. का केलं नाही, यावर मी बराच विचार केला आहे. माझ्यावर उपकार करायचे म्हणून नव्हे, एवढं नक्की. जे बरोबर सांगून झालंय ते दुसऱ्या, कमी बरोबर तऱ्हेने परत सांगायचं, हे त्यांच्या डोक्यातच बसलं नसावं.

कॅम्पातून स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. मी भांडणाची वाट बघत होते. माझी उत्तरं तयार होती. मापं काही कुणाच्या मालकीची नसतात, आमच्या घरीही आहेत, वगैरे. स्टँड आला तरी ते काही बोलेनात. निपाणीची गाडी लागली, तेव्हा वळून म्हणाले, "बाई, धा झालती."

"काय?"

"शिगेची चिपटी. धा झालती. तुम्ही नऊ म्हणाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बाहेर उभं राहून मोजत होते.

"सपाट भरताना परत्येक बारीला तुम्ही माप टेबलावर आपटत हुता. आपटलं की दाणं खाली बसत्यात, ज्यास्त मावत्यात. म्हून शीग लावूनबी धा." पीठ मावावं म्हणून डबा आपटायची स्वयंपाकघरातली सवय. हाताने आपोआप केलेलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. मला दुसरंच काही म्हणायचं होतं.

"चुकलं न्हवं, आपटलं," ते म्हणाले आणि गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी मला हातही केला.

जागा मला मिळाली. निपाणी सोडताना मालकांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली.

कॉलेजात दर वर्षी जूनमध्ये मी टेबलावर मापं मांडते. आता मी आपटत नाही, त्यामुळे नऊच होतात. पोरं मला मापंवाल्या मॅडम म्हणतात. प्राचार्य पाहुणे आले की मुद्दाम माझा तास दाखवतात. "तुम्हाला हे सुचलं कसं?" असं विचारतात, आणि मी म्हणते, "आमच्या घरी मापं होती ना." इतकी वर्षं हेच म्हणत आले. त्यात एक शब्द खोटा नाही, आणि तरी सगळं खोटं आहे. तीस मशीनं समोर चालू असतात. शेवटच्या रांगेत आप्पा उभे राहून चिपटी मोजतायत असं वाटतं, म्हणून तिकडे बघायचं मी टाळते.

यंदा कॉलेजच्या प्रवेशाची पत्रकं वाटायला आम्हाला गावं वाटून दिली. मी निपाणी मागून घेतली. आप्पांना भेटायचं होतं असं म्हणता येईल. खरं सांगायचं तर, त्यांचं बरं चाललं नसेल तर ते मला बघायचं होतं. त्यांचा वर्ग ओस पडलेला दिसला असता, तर मला माझ्या वर्गात जरा मोकळा श्वास घेता आला असता.

वर्ग भरलेला होता. पोरं जमिनीवरसुद्धा बसली होती. मी मागच्या बाकावर एका मुलीशेजारी टेकले. आप्पांची मला पाठ होती, ते टेबलापाशी काहीतरी करत होते. वळले तेव्हा हातात ज्वारीने काठोकाठ भरलेलं चिपटं होतं.

"भरलं?"

"भरलं!"

त्यांनी ते टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. ज्वारी बोटभर खाली बसली. वरून आणखी मूठभर ओतली, तीही मावली. "दाणा एक कमी केला का? न्हाय. दाण्यादाण्याच्या मधली मोकळी जागा काढली. फाइल झिप करायची म्हंजे ह्येच. माल त्येवढाच, जागा कमी. तिळीतेनू?" आणि लगेच पुढे म्हणाले, "पर ह्यो धडा माझा न्हाय हं. ह्यो बेळगावच्या बाईंचा. येळ्ळूरच्या हायत, एम.सी.ए. झाल्याल्या. त्यांनी परीक्षेत माप आपटलं, तवा मला उमगलं. न्हायतर इतकी वर्सं झिप शिकवताना मी नुसता तोंडानं बडबडत हुतो."

शेजारची मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आप्पा परत्येक बॅचला सांगत्यात ह्ये."

त्यांचा धडा घेऊन मी नोकरी मिळवली होती आणि त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आणि त्यांनी माझी चूक उचलून तिचा धडा केला होता आणि दर वर्षी तो माझ्या नावावर चढवत होते. मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटला तो जळफळाट. म्हटलं, यातही हेच पुढे!

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. "अरं, ह्या बघा की! आल्या बाई!" सगळी पोरं वळली, काहींनी टाळ्या वाजवल्या. "या, या. तुमचा धडा तुम्हीच सांगा."

मी पुढे गेले. त्यांनी चिपटं माझ्या हातात दिलं. पोरांचे डोळे माझ्यावर होते, असे डोळे मला माझ्या वर्गातही दर जूनमध्ये मिळतात, आणि मला ते फार आवडतात.

"माप आप्पांचं आहे," मी म्हणाले. "मी नुसतं आपटलं. बेळगावला मी जे शिकवते तेही यांचंच आहे. त्यांना न विचारता मी ते परीक्षेत वापरलं, आणि ती नोकरी यांना मिळायच्या ऐवजी मला मिळाली."

आप्पा अस्वस्थ होऊन घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाई, त्ये ऱ्हाऊ द्या आता. पोरांचा येळ जातोय. झिप सांगा."

मी सांगायला लागले. आपटलं, भरलं, दाखवलं. ठीक चाललं होतं. मग पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "मॅडम, झिप केल्याली फाइल परत झिप केली तर आणखी बारीक व्हईल का?"

उत्तर मला माहीत होतं. फारशी होत नाही. का होत नाही तेही माहीत होतं, अडीच नाही, पाच पानं. "त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "पुनरावृत्ती एकदा काढून टाकली की माहितीची जी घनता..." पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मागे कुणीतरी जांभई दिली.

आप्पांनी चिपटं माझ्या हातातून घेतलं आणि टेबलावर पुन्हा आपटलं. ज्वारी तसूभरही हलली नाही.

"एकदा बसल्याला दाणा परत बसत न्हाय रं," ते म्हणाले.

"हां, हां!" सगळा वर्ग एकदम म्हणाला.

मी बाजूला झाले. पर्समधून पेन काढलं आणि ते वाक्य विसरायच्या आत पत्रकाच्या मागे लिहून घेतलं, पुढच्या जूनसाठी. पेन परत पर्समध्ये टाकलं. मग ते पुन्हा काढलं आणि त्या वाक्याखाली मी त्यांचं नाव लिहिलं, आडनावासकट.